पाहुण्यांसाठी बंद केलेले माग

जबाबदार पर्यटन म्हटलं की मला आता चीड येते. सहली काढणाऱ्या एका बाईंनी मला फोनवर ते अर्धा तास समजावलं होतं. पाहुणे मुंबईहून येणार, भिवंडीच्या मागवाल्यांचं आयुष्य बघणार आणि त्यातून स्थानिकांचा फायदा होणार. वडिलांमागे माझ्याकडे आठ यंत्रमाग राहिलेत. कोणी कौतुकानं बघायला येतंय म्हणून मी हुरळलो. दाराला नवा रंगही दिला.

पाहुणे आले. कापडी पिशव्या, स्टीलच्या बाटल्या आणि नाकाला रुमाल. मागांच्या खडखडाटात बाईंचं बोलणं कुणाला ऐकू येईना. त्या म्हणाल्या, जरा बंद करा.

माझ्याकडचे चाचा वीस वर्षं हे माग चालवतात. विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी. माग जास्त वेळ थांबवायचा तर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे सैल करावे लागतात, नाहीतर पुन्हा सुरू करताना कापडावर आडवी रेघ पडते. लाइट गेली की चाचा आधी तेच करतात. त्या दिवशीही ते पुढे झाले.

"सेठ, ताणा ढीला करू द्या. नायतर पट्टा येईल."

बाई म्हणाल्या, "हात नका लावू, पाहुण्यांना आहे तसंच बघायचंय."

मी मान डोलावली. वीस वर्षांच्या माणसाचं ऐकायचं सोडून मी पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

मग श्रमाच्या प्रतिष्ठेवर चांगलं लांबलचक भाषण झालं. चाचा हात मागे बांधून उभे. त्यांना कुणी एक शब्द विचारला नाही. एका पाहुण्यानं त्यांना आडवा धागा नेणारा धोटा चेहऱ्याजवळ धरायला लावला आणि हसा म्हणून सांगितलं. ते हसले. फोटो झाला. सगळे हात धुवायला गेले, माझ्याच टाकीवर, स्वतःच्या साबणानं.

आठही मागांवर रेघ पडली. व्यापाऱ्यानं कापड पाहिलं आणि परत पाठवलं. आमच्याकडे रिवाज असा की दोष मागावर उभ्या असलेल्या माणसाचा. दोष माझा होता, हे मला ठाऊक होतं. तरी मी चाचांची मजुरी कापली. बाकीच्या कामगारांना वाईट सवय लागेल, असं स्वतःला सांगितलं. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती, पण पैसे मात्र खिशातच राहिले.

त्या मजुरीवर चाचा ईदला गावी जाणार होते. दोन वर्षांनी. ते गेले नाहीत.

ईदच्या आदल्या दिवशी बाईंनी मला त्यांच्या सहलीच्या फेसबुक पानावरचा फोटो पाठवला. धोटा धरून चाचा हसतायत आणि खाली लिहिलंय, 'तुमच्या भेटीमुळे यांच्या घरी ईद गोड झाली.' चाचा माझ्या मागेच उभे होते. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी फोन हातात घेऊन फोटो बघितला.

"चांगला आलाय," ते म्हणाले. "गावी पाठवा सेठ, मुलाच्या नंबरवर. मी नाय जात, तर फोटो तरी जाऊ दे."

 मी फोटोखालची ओळ कापली आणि फोटो पाठवून दिला.