काच आतून पुसायची नाही

आमच्याकडे कुणी चहाला आलं की कप अर्धा व्हायच्या आत विचारतंच, "विहिरीत काय काय दिसते हो तुमाले?" एक सांगितलं की दुसरं आठवतं, आणि दुसऱ्याच्या मागून तिसरं आपोआप वर येतं. मी दहावी शिकलेली बाई, मला रंगवून सांगता येत नाही. झालं तसं सांगते.

माझे दीर, देवानंद भाऊजी, खामगावात विहिरीत कॅमेरा सोडायचं काम करतात. कुणाची मोटर तळाला गेलेली असते, कुणाच्या विहिरीचं बांधकाम आतून खचलेलं असतं. कॅमेरा एका पाणीबंद डब्यात बसतो; आत काय दिसलं ते डबा वर आल्यावरच लॅपटॉपवर बघायचं. डब्याच्या तोंडाशी अर्ध्या नारळासारखी फुगीर काच असते, तिला डोम म्हणतात. दोर सोडायचं काम रफिकभाईंचं. डोम साफ ठेवायचं काम माझं. आधी ते कमलचं होतं. कमल म्हणजे भाऊजींची बायको, माझी धाकटी जाऊ.

*

कमलच्या हाताखाली शिकायला लागले, त्या पहिल्याच दिवशी मी डोम पदरानं पुसला. पदराला अंगणातली रेती लागलेली. काचेच्या खालच्या कडेला तांदळाएवढा ओरखडा पडला. एवढी महागाची वस्तू!

कमल रागावली नाही. म्हणाली, "ताई, पदरानं चष्मा पुसा. हे काच लय लाडाची हाये." मग तिनं डोम बादलीत बुडवला आणि मला वाकून बघायला लावलं. ओरखडा गायब. बाहेर काढला, तर होता तिथंच.

"पाण्यात गेलं की दिसत नाही," ती म्हणाली. "पण कुठं जात नाही."

तिनं मला सगळं शिकवलं. आधी डोम चांगल्या पाण्यात नुसता ठेवायचा, माती आपली आपण सुटते. मग मऊ कपडा घेऊन मधून बाहेर, गोल गोल पुसत जायचं. आडवंतिडवं कधीच नाही. शेवटी कडेनं एक फेरा, तो बरोबर माझ्या ओरखड्यापाशी थांबवायचा आणि नखानं काचेवर दोनदा वाजवायचं. टक, टक.

"हे काऊन?" मी विचारलं.

"तिले समजलं पाहिजे ना, झालं म्हणून."

*

दोन वर्षांपूर्वी कमल एका सकाळी माहेरी, दुसरबीडला जायला निघाली आणि तिथं पोचलीच नाही. पोलिसांत तक्रार दिली, पाहुणे झाले, दवाखाने झाले, सगळीकडे शोधून झालं. घरात भांडण नव्हतं, काही नव्हतं. जाताना डोम पुसून, त्यावर कपड्याची चौपदरी घडी ठेवून गेली होती.

तेव्हापासून भाऊजी विहिरीच्या एकाही कामाला नाही म्हणत नाहीत. मोटर कुठं पडली ते कळलं तरी रेकॉर्डिंग शेवटपर्यंत बघतात, एक कोपरा सोडत नाहीत. ते काय शोधतात हे मला आणि रफिकभाईंना माहीत आहे. आम्ही विचारत नाही.

*

वडनेर भोलजीला एका शेतात असंच रेकॉर्डिंग बघत होतो. गढूळ हिरवं पाणी, त्यातून काहीतरी फिकट, गोलसर वर यायला लागलं. हळूहळू, सरळ आमच्याकडे. भाऊजी खुर्चीवरून उठले. रफिकभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

ते एकदम डोमला येऊन भिडलं आणि सगळा स्क्रीन भरून एक सुरकुतलेलं तोंड झालं. कासव होतं! शेताच्या मालकाच्या आजीनं तिथूनच हात जोडले.

"पाह्यलं का भाबी," रफिकभाई म्हणाले, "सेल्फी काढून राह्यला."

सगळे हसले. भाऊजीही हसले, पण त्यांना खाली बसायला वेळ लागला.

*

आमच्याकडे एक रीत आहे. कॅमेरा घालण्याआधी रिकामा डबा पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून बघायचा. आत एक कोरा टिश्यू पेपर पसरून ठेवायचा. तो ओला झाला तर डबा गळतो, कोरडा राहिला तर चालतो.

एकदा घाईत तो रिकामाच डबा विहिरीत गेला. अर्धं गाव काठावर जमलेलं. रफिकभाई तासभर दोर इकडून तिकडे फिरवत होते, गर्दीला समजावून सांगत होते. डबा वर आला, उघडला, तर आत कॅमेराच नाही.

सरपंच म्हणाले, "म्हंजे तासभर पान्यानंच डबा पाह्यला?"

गाव पोट धरून हसलं. मी हसत हसत टिश्यू काढायला गेले. कोरडा होता. पण मी तो पसरून ठेवला होता, आणि आता त्याची चौपदरी घडी झालेली होती.

"रफिकभाई, तुम्ही हात लावला का?"

"कसम से भाबी, डबा तुमीच बंद केला ना."

मीच घडी करून ठेवली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. अजूनही सांगते.

*

मागच्या उन्हाळ्यात डबा बराच वेळ उन्हात पडला होता. आत ओल शोषणारी पुडी ठेवायची मी विसरले. गार पाण्यातून डबा वर काढला तेव्हा डोम आतून वाफेनं पांढरा झाला होता, आणि त्या वाफेत पाच बोटं उमटली होती. आतल्या बाजूनं.

रफिकभाई दोन पावलं मागं सरकले.

मी म्हटलं, माझाच हात लागला असेल. बाहेरून पंजा लावून बघितला. माझी बोटं जाड, ठसा बारीक बोटांचा. करंगळी जरा वाकडी.

कमलची करंगळी वाकडी होती. लहानपणी दारात सापडली होती म्हणे. आतली बाजू आम्ही कधीच पुसत नाही, नुसती फुंकणीनं धूळ उडवतो. तिचं बोट कधीतरी लागलं असेल, ते तसंच राहिलं असेल. वाफ बसल्याशिवाय दिसायचं नाही.

भाऊजी वाफ जाईपर्यंत डबा मांडीवर घेऊन बसले. ठसा गेल्यावर एवढंच म्हणाले, "वहिनी, आतून पुसत नका जाऊ."

*

आता शेवटचं. हे मी चहावर सांगत नाही.

दुसरबीडच्या अलीकडे रस्त्याला लागून एक विहीर आहे. तिथं मोटर पडली होती. दुपारची वेळ, लख्ख ऊन. रफिकभाईंच्या हातून दोर जरा जास्त सुटला आणि डबा तळाच्या गाळात तोंडावर पडला. त्यांनी लगेच ओढून सरळ केला. थोड्या वेळानं वर काढला, तेव्हा सगळा डबा गाळानं माखलेला होता. डोम मात्र चकचकीत. मला वाटलं, वर येताना धुतला गेला असेल.

शेतातल्या शेडमध्ये लॅपटॉपवर रेकॉर्डिंग लावलं. डबा पडला, सगळं काळं झालं. डबा सरळ झाला तरी काळंच, काचेवर गाळ बसलेला.

मग बरोबर मधोमध एक ठिपका उघडला. तो गोल गोल फिरत मोठा व्हायला लागला. मधून बाहेर, सावकाश. हात दिसत नव्हता, कपडा दिसत नव्हता. पलीकडे नुसतं पाणी आणि त्यात आडवी पडलेली मोटर. शेवटी कडेनं एक फेरा निघाला आणि खाली थांबला. पाण्यात ओरखडा दिसत नाही, पण तो कुठं आहे हे मला माहीत आहे.

मग आवाज आला. टक, टक.

बाहेरून शेताच्या मालकानं विचारलं, "दिसली का हो?"

भाऊजींनी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "हाव. मोटर दिसली."

त्यांनी मालकाच्या हातापाया पडून विहीर उपसायला लावली. दोन दिवस पंप चालला. तळ उघडा पडला, भाऊजी स्वतः खाली उतरले, गाळ हातानं चाचपला. मोटर होती. दुसरं काही नव्हतं.

घरी आल्यावर मी नेहमीसारखं घमेल्यात चांगलं पाणी भरलं, कपडा घेतला आणि डोम उचलला. भाऊजींनी तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला.

"राहू द्या वहिनी," ते म्हणाले. "पुसलेला हाये."