अक्काचा डावा डोळा आणि परातीतला सूर्य

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी महादेवी अक्काचं नाव घेतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. जळकोटला तिनं गल्लीभरच्या बायकांची झंपरं शिवली आणि त्यावर मी लातूरच्या कॉलेजात शिकलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आज नांदेडच्या एका शाळेत भूगोल शिकवतो.

सुईत दोरा जाईना म्हणून अक्काला मी नांदेडला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "डाव्या डोळ्यात कॅटरॅक्ट आहे, म्हणजे मोतीबिंदू. तो काढता येईल. पण उजव्याला काय झालंय?"

उजवा डोळा जन्मापासून कमजोर, असंच आम्ही समजत होतो. डॉक्टरांनी ओसीटी केली. डोळ्याच्या मागच्या पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे थर दाखवणारी ही तपासणी. त्या पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाची इवलीशी जागा असते. वाचणं, सुई ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं सगळं तिच्यावर. अक्काच्या उजव्या डोळ्यात नेमकी तीच जागा कधीतरी भाजली होती.

"कधी सूर्याकडे टक लावून बघितलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"सूर्याकडं न्हाई बघितलं, साहेब. परातीत बघितलं. ग्रहणात."

आमच्या गल्लीत ग्रहण सुटल्याशिवाय कुणी जेवत नसे. अंगणात परातीत कुंकवाचं पाणी ठेवायचं आणि त्यात सूर्य बघत बसायचं. पाण्यात बघितलं की बाधत नाही, असं सगळे मानायचे.

"हा लई लहान होता," अक्का माझ्याकडं बोट करून म्हणाली. "भाकरीसाठी रडून राहिला होता. सुटलं की लगेच वाढावं म्हणून मी डावा डोळा झाकून बघतच बसले." मग मला म्हणाली, "आता तोंड कशाला पाडतो? तुला काय कळत होतं तवा?"

मला हे माहीतच नव्हतं. पाण्यातलं ग्रहणही बघू नका, असं मी दरवर्षी मुलांना शिकवतो.

उजव्याची दुरुस्ती होणार नव्हती. म्हणजे डावा हाच एक डोळा. डॉक्टर पुढं म्हणाले, "ऑपरेशनच्या वेळी मायक्रोस्कोपचा दिवा पडद्यावर पडतो. काम लवकर आटपतं, सहसा काही होत नाही. पण प्रखर उजेड फार वेळ पडला तर पडद्याला इजा होऊ शकते. त्याला फोटोटॉक्सिसिटी म्हणतात. ऑपरेशन करणाऱ्यांना उजव्या डोळ्याचं जरूर सांगा."

तिथून माझी झोप उडाली. मोबाइलवर मिळेल ते वाचत सुटलो. वर्गात नकाशा लावायचो आणि काय शिकवायचं तेच विसरायचो. घरातली ट्यूबलाइटसुद्धा बंद करून बसायचो.

ऑपरेशन लातूरला एका डॉक्टर मॅडमकडं ठरलं, कारण अक्काची मुलगी सुनंदा तिथं राहते. औषधं वेळेवर घालायला घरचं माणूस हवं. एसटीत मी अक्काला तेच तेच सांगत राहिलो. "आत दिवा असंल. त्याच्याकडं बघू नको."

"हाव, कळलं की. का डॉक्टरणीला अंधारात कापायला सांगतो?"

शेजारच्या सीटवरची माणसं हसली. मला हसू आलं नाही.

लातूरच्या डॉक्टर मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं. दिवा गरजेपुरताच ठेवणार, निळा उजेड अडवणारा फिल्टर लावणार, मायक्रोस्कोप जरा तिरपा करणार म्हणजे उजेड मॅक्युलावर थेट पडणार नाही, आणि काम थांबलं की डोळ्यावर झाकण ठेवणार. नवी लेन्ससुद्धा अतिनील किरण अडवणारी. मी पुन्हा पुन्हा तेच विचारत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "सर, दिव्याची काळजी माझ्यावर सोडा."

मी 'हो' म्हटलं. पण अक्काला आत नेताना तिच्या कानाशी वाकून पुन्हा म्हणालोच, "दिव्याकडं बघू नको बरं का."

बाहेर बाकावर बसवेना. अक्काच्या मागून आत गेलेली माणसं डोळ्याला पट्टी लावून बाहेर आली. अक्का येईना. एक सिस्टर घाईनं बाहेर आली, कपाटातून काहीतरी घेऊन परत आत गेली. "काय झालं?" असं विचारलं तर म्हणाली, "बसा सर."

"मामा, बसा की," सुनंदा म्हणाली. "तुम्हाला बघून माझाच जीव घाबरायलाय."

शेवटी मॅडम बाहेर आल्या. मास्क खाली करून म्हणाल्या, "सर, पेशंटला तुम्ही काय सांगितलं होतं?"

"दिव्याकडं बघू नको, एवढंच," मी म्हणालो.

नुसत्या थेंबांनी डोळा बधिर केला की त्याची हालचाल चालूच राहते. तो स्थिर राहावा म्हणून पेशंटनं दिव्याकडंच बघायचं असतं. हे मला ठाऊक नव्हतं. मॅडम सांगत होत्या, "मी म्हणतेय दिव्याकडे बघा आणि या डोळा फिरवतायत. म्हणतात, माझा भाऊ शिकलेला हाय, त्यानं न्हाई म्हटलंय!"

नशिबानं तोवर डोळ्यात हत्यार घातलं नव्हतं. मॅडमनी दिवा बंद केला, डोळा झाकला, डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन तो स्थिर केला आणि मग काम पुरं केलं. "लेन्स नीट बसलीय. पडद्याचं मात्र पुढच्या तपासणीत कळेल."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. अक्कानं वर बघितलं आणि म्हणाली, "सुनंदे, दवाखान्याच्या छताला बी कोळ्याची जाळी हायत की गं. मला वाटलं, आपल्याच घरात हायत." सिस्टरही हसली. मी हसलो, पण माझं लक्ष त्या पुढच्या तपासणीकडं होतं. सुट्टी नव्हती म्हणून मी नांदेडला परतलो आणि रोज फोनवर सुनंदाला छळत राहिलो.

ओसीटी झाली त्या दिवशी मॅडमनी स्वतः सुनंदाच्या फोनवरून सांगितलं, "सर, डाव्या डोळ्याचा पडदा स्वच्छ आहे. आता शिकवायला लागा."

तुमच्या घरी कुणाचा मोतीबिंदू काढायचा असेल, तर एवढंच सांगतो. लहानपणी ग्रहण बघितलं होतं का, एक डोळा अधू आहे का, हे डॉक्टरांना आधी सांगा. दिव्याबद्दल मनात भीती असेल तर तीही डॉक्टरांपुढेच बोला. पेशंटच्या कानात आपलं शहाणपण भरू नका. आपल्यावर माया करणारं माणूस आपलं खरं मानतं.

त्याच संध्याकाळी मी अक्काला पत्र लिहिलं. कॉलेजात असताना लिहायचो, त्यानंतर पहिल्यांदाच.

"अक्कास शि. सा. नमस्कार.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. सुनंदाला वाचायला देऊ नको, तूच वाच. सावकाश वाच, मधे मधे डोळे मिटत जा. मॅडम सांगतील तोवर शिवणयंत्राजवळ जाऊ नको.

मी न्हाई म्हटलं म्हणून तू डॉक्टरांचंसुद्धा ऐकलं नाहीस. इतकं माझं ऐकत जाऊ नको.

एक विचारायचं राहिलं. त्या ग्रहणाच्या दिवशी तू मला वाढलंस, तेवढं मला अंधुक आठवतं. तू कधी जेवलीस, ते आठवत नाही. तुझ्या हातानं लिहून कळव.

तुझा,
शिवा"