गर्दीतलं हसू

केरबा शेळके जवानीत एका पिक्चरच्या गर्दीत होता. जोतिबाच्या पायऱ्यांवर नवरा बायकोच्या कानाखाली वाजवतो आणि केरबा सगळ्यांत मोठ्यानं हसतो, एवढंच काम. पण तेवढ्यावर गडी चहाच्या गाड्यावर जन्मभर मिरवला. तोच पिक्चर नव्यानं निघाला, तर हा न बघताच म्हणायचा, "जुन्याची सर न्हाय!"

शेवटी बायकोला, चिमणाबाईला, घेऊन तो राजारामपुरीतल्या थेटरात गेला. त्याच पायऱ्या, तीच थप्पड. पण या खेपेला गर्दीतलं कुणीच हसलं नाही. केरबाची मान खाली गेली.

"लगीन झाल्यावर तुमी मला जुना दावलासा," चिमणाबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "तुमी हसलासा, तसं सगळं थेटर हसलं. मी न्हाय हसले. तुमी माझ्याकडं बघितलंच न्हाईसा."