धरणाकाठचं जहाज आणि त्याचे चार कमांडर

मी चौथीपर्यंत शिकले, तीबी मेंढरांमागून वेळ मिळेल तशी. म्हणून आधीच सांगते, लिहिणं माझं, शुद्धलेखन सुनेचं. तिचं वसमतला टायपिंगचं दुकान हाय, इंटरनेटवर तीच चढवते. लोक शिमल्याला जातात आन् बर्फात उभं राहून फोटो टाकतात. मी कुरुंद्याहून औंढ्याच्या पलीकडं गेले, विटांच्या जहाजावर. फोटो न्हाई.

खरं तर लेकीला आणायला गेले होते. धाकटी संगीता. लग्नाला आठ वर्षं, पहिलंच बाळंतपण, आठवा महिना. कितीदा निरोप धाडला, तयारी कर, आणायला येते. उत्तर एकच, "आई, आमाला जहाज सोडता येत न्हाई." शेवटी फोनवर म्हणलं, "मग जहाजच करील का गं तुझं बाळंतपण?" आन् पिशवी उचलली.

सकाळी कुरुंद्याहून वसमत, वसमतहून औंढ्याची एसटी. उन्हाळ्यात जाणार असाल तर पाण्याची बाटली मोठी घ्या, तिकिटापेक्षा तीच कामाला येते. औंढ्यापर्यंत रस्ता बरा हाय. पुढं काळीपिवळी जीप, ती गच्च भरल्याशिवाय हलत न्हाई. ड्रायव्हरनं विचारलं, "कुठं, मावशी?"

"जहाजावर."

"मंग मागं बसा. तिथं उतरणारं दुसरं कोणी नसतं."

फाट्यावर जनाबाईचं चहाचं हॉटेल हाय. भजी ताजी, चहा गोडमिट्ट. जहाजाचा इतिहास जनाबाईला तोंडपाठ, आन् सांगायची हौसबी दांडगी.

आपला जिल्हा तवा परभणी होता. नव्वदच्या आसपास नेव्हीतून निवृत्त झालेला एक साहेब गावी परत आला. बापाची शेती धरणात गेलेली, काठावर एक तुकडा उरलेला. त्यावर त्यानं जहाज बांधलं. विटा, सिमेंट, वर लोखंडी डोलकाठी, पितळी घंटा. खेड्यातली पोरं आणायची, दोराच्या गाठी, झेंड्यांची भाषा, धरणात पोहणं शिकवायचं आन् नेव्हीच्या भरतीला धाडायचं. माझा जावई त्यातलाच. मेंढरामागं फिरणारं पोरगं, साहेबानं त्याला समुद्रावर पोचवलं. पंधरा वर्षं नोकरी करून तो परत इथंच आला, शिकवायला.

साहेबाचे दोन नियम. जहाज कधी रिकामं सोडायचं न्हाई, एक माणूस कायम वर पाहिजे. आन् शिडी चढायच्या आधी खालून विचारायचं, "येऊ का?" वरून "या" आलं तरच पाय ठेवायचा.

"एक दिवस भर दुपारी साहेब वरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले," जनाबाई म्हणाली. "डोक्यावर टोपी तशीच. चार्ज कोणाला दिलाच न्हाई. दुसरा कमांडर आला, त्यानं खुर्चीवरच्या टोपीला सलाम केला आन् लागला कामाला."

"मग त्याचं काय झालं?"

"सपाट जमिनीवर झुलत चालाया लागला. आता हिंगोलीला भावाच्या घरी हाय, माडीवर. खाली उतरत न्हाई. खाली पाणी हाय म्हणतो."

"आन् तिसरा?"

"एका पावसाळ्यात गायब. चपला शिडीपाशी, तोंड धरणाकडं."

"बुडाला?"

"न्हाई वो! सोलापूरला बायकोपाशी हाय, चांगला जित्ता. पण बायकोला म्हणतो, मी अजून पोचलो न्हाई." तिनं माझ्या बशीत आणखी दोन भजी टाकली. "चौथे तुमचे जावई. साहेबामागं जहाज एक संस्था चालवते, शुक्रवारी तिची माणसं येणार. सही झाली की पक्के कमांडर."

तेवढ्यात जावई घ्यायला आले. लांबून चाल पाहिली आन् भज्याचा घास तोंडातच राहिला.

"जावईबापू, दारू सुरू केली काय?"

"न्हाई हो मामी."

"मग सरळ चालायला तकलीफ काय?"

"सरळच चालून राहिलो की."

जहाज लांबूनच दिसतं. काळ्या रानात दोन घरांएवढं, नाक धरणाकडं. पाणी पार आटून दोन शेतं मागं गेलेलं, तरी जहाजाच्या विटा कमरेएवढ्या ओल्या. एक शेळी भिंत चाटत होती. विटांना खारट लोणा लागतो, शेळ्या चाटतात, त्यात काही नवल न्हाई. म्हणून मीबी बोट लावून चाखलं. लोणा मला ठाऊक हाय, ही चव तसली नव्हती. जावयाला म्हणलं, चाखा. त्यांनी बोट जिभेला लावलं आन् तोंड फिरवलं.

"काय हाय?"

"समुद्र," ते म्हणाले.

शिडीपाशी त्यांनी मला थांबवलं. "विचारा, मामी." मी ओरडले, "येऊ का?" वरून भरदार आवाज आला, "या." चढले.

संगीता मागं स्वयंपाक करत होती. पोट एवढं पुढं आन् गाल बसलेले. आठव्या महिन्यात उलट्या चालू. तिनं आधी ओला फडका पसरला, त्यावर ताटं मांडली.

"ओलं काहून गं?"

"ताट सरकत न्हाई मग."

जन्मात ह्या पोरीनं समुद्र पाहिलेला न्हाई. जेवता जेवता विचारलं, "वर गडी कोण ठेवला? आवाज मोठा हाय त्याचा."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. संगीता म्हणाली, "कोणीच न्हाई, आई. पोरं सुट्टीत गावी गेलीत, आमी दोघंच हाय."

रात्रीचं काही सांगत न्हाई. खाट हलत होती, एवढं पुरे.

सकाळी जावयाला समोर बसवलं. "सोडा हे. लेकरू इथं झालं तर पाळणा हलवायलाबी लागायचा न्हाई."

"मला कळत न्हाई का, मामी? पण साहेबानं मला माणूस केलं. जहाज रिकामं टाकून कसा येऊ?"

"मग चार्ज दुसऱ्या कोणाला द्या."

"देऊ काय? माझ्यापाशी हाय कुठं? आधीच्या दोघांपाशीबी नव्हता. ज्याचा हाय त्यानं दिलाच न्हाई."

हे ऐकलं आन् मला सासरा आठवला. सासरा रानात मेला तवा मेंढरं दोन दिवस जागची हलली न्हाईत. माझा नवरा हाका मारून दमला. मग सासूनं मढ्याच्या हातातून काठी सोडवली आन् सगळ्या मेंढरांसमोर म्हणाली, "मेंढरं माझ्या हवाली. तू मोकळा." तवा कुठं कळप उठला. आमच्यात असंच असतं. मेलेल्या माणसाला मोकळं करावं लागतं, नुसतं रडून तो जात न्हाई. नेव्हीवाल्यांनी सलाम ठोकले, पण हातातली काठी कोणी घेतली न्हाई.

भर दुपारी वर गेले. डोलकाठीचा दोर कुरकुरत होता, वारं नव्हतं. खुर्ची तशीच, टोपी तशीच, अठरा वर्षांच्या उन्हात बसून पिवळी पडलेली. जावई मागून ओरडले, "मामी, हात लावू नका!" मी टोपी उचलली. आतून ओली होती, आत्ताच कोणी काढून ठेवावी तशी. पदरावरून डोक्यावर घातली.

"साहेब, लई दिवस बसला. जहाज माझ्या हवाली. तुमी मोकळे."

दोर कुरकुरायचा थांबला. खुर्चीच्या वेताचा ताण गेला, माणूस उठल्यावर जातो तसा. घंटा वाजेल असं वाटलं होतं, वाजली न्हाई. खाली संगीतानं हाक मारली, "आई, मला भूक लागली!"

संध्याकाळच्या आत निघालो. जावई एक पेटी, एक वळकटी घेऊन रानातून चालले, गड्यासारखे सरळ. फाट्यापाशी मात्र थबकले. "मामी, जहाज रिकामं राहिलं. वॉचवर कोण?"

"मी हाय ना," म्हणलं. "चला, जीप भरली."

शुक्रवारी माणसं आली आन् परत गेली. कुलूप लागलं. संगीताला पोरगी झाली, ठणठणीत. जावई वसमतला हळदीच्या अडत दुकानात हिशेब पाहतात, झुलत न्हाईत. टोपी माझ्या पेटीत हाय. मी गेले की ती माझ्यासंगं जाऊ द्या, मधी कोणी हात लावायचा न्हाई, हे सगळ्यांना बजावून ठेवलं.

आता माझं. माझ्या ताटाखाली ओला फडका असतो. सून म्हणते, "आत्या, काहून?" मी म्हणते, "तू जेव." घराच्या मागच्या भिंतीला हातभर ओल आली हाय आन् शेळ्या तिथून हलत न्हाईत. ह्या वयात कुणी झुललं तर लोक गुडघ्याला बोल लावतात, तेवढी सोय हाय.

तुमाला जहाज पाहायचं असंल तर जरूर जा. जनाबाईची भजी खा, सांजच्या जीपची वेळ आधी विचारून ठेवा. कुलूप नावाला हाय, शिडी मोकळीच हाय. पण खालून विचारल्याबिगर चढू नका. परवा फाट्यावरचा एक गडी म्हणे गंमत म्हणून ओरडला, "येऊ का?" तर वरून म्हातारीचा आवाज आला, आन् दटावलंबी, चपला काढून ये. गडी पळत सुटला.

तवा मी कुरुंद्यात घरीच होते, तरी पळायचं काय त्यात. मीच होते ती.