ताईचा दरबारी कवी

मेंदूच्या ऑपरेशननंतर ताई माझ्याकडे अमेरिकेत रेडमंडला राहायला आली, तेव्हा तिची जपानी पार पुसली गेली होती. इंग्रजीही तुटक झालं होतं. धड उरली होती ती मराठी. सगळा जन्म तिनं इथल्याच एका युनिव्हर्सिटीत जपानी साहित्य शिकवण्यात घालवला. लग्न केलं नाही. मध्ययुगातल्या एका दरबारी कवीवर जाडजूड पुस्तक लिहिलं. आमच्याकडे ते कुणीच वाचलं नव्हतं. आई तर त्या कवीला "हिचा सरदार" म्हणायची.

एका दुपारी ते पुस्तक हातात घेऊन तिनं विचारलं, "हे कशाचं आहे रे?"

"तुझंच आहे, ताई. तू लिहिलंयस."

"मी?" ती हसली, मग घाबरल्यासारखी झाली. "काय लिहिलंय? सांग ना."

तेव्हापासून ऑफिसमधून आलो की मी थोडं वाचायचो आणि तिला मराठीत सांगायचो. बड्या घराण्यातला माणूस, वडीलही कवीच. सम्राटाच्या काव्यसंग्रहाचं संपादन आपल्याकडे यावं, एवढीच त्याची आस. पण ज्या राजपुत्राची त्यानं बाजू घेतली तोच हरला, आणि याला दूर समुद्रकाठी धाडलं. तिथं एकुलता एक मुलगा तापानं गेला.

"अरे देवा, पोरगाही गेला?" ताई दर वेळी नव्यानं विचारी, कारण कालचं आज तिला आठवत नसे. डोळे पुसत राही.

माझी मुलगी वैतागायची. "बाबा, शी क्राइज एव्हरी टाइम! स्टॉप इट ना."

म्हणून एकदा मी शेवटच बदलला. म्हटलं, "मग सम्राटाचा निरोप आला, ताई. त्याला परत बोलावलं. संग्रहाचं कामही त्यालाच दिलं."

बाहेर पाऊस होता, ती तिकडे बघत राहिली. मग अगदी वर्गात बोलावं तशी म्हणाली, "नाही बोलावलं. वाट बघत बघतच गेला तो. डोळे अधू झाले होते. तो कविता सांगायचा, बायको लिहून घ्यायची."

बायकोचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

"ताई, तुला आठवलं?"

"काय रे?" तिनं विचारलं. ते आलं तसं गेलंही होतं.

हिवाळा संपायच्या आत ताई गेली. तिचा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः प्रोफेसर झालेला, तिची पुस्तकं न्यायला आला. कवीच्या बायकोबद्दल ताई जे बोलली, ते मी त्याला सांगितलं. हातातलं खोकं त्यानं खाली ठेवलं.

"बायकोचं पुस्तकात नाहीये," तो इंग्रजीत म्हणाला. "त्यांना फार वाटायचं की तसंच झालं असणार. पण पुरावा मिळाला नाही, म्हणून त्यांनी ते छापलं नाही. आम्हा विद्यार्थ्यांना मात्र सांगायच्या."

मी चहा टाकला. ताई वर्गात कशी असायची, हे त्या दिवशी मी पहिल्यांदाच कुणाला तरी विचारलं, आणि तो संध्याकाळपर्यंत सांगत बसला.