शेजाऱ्यांवर लक्ष ठेवा

नीना सबनीस लहानपणी 'मी भूक आहे' म्हणायची. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय शहरातल्या रविवारच्या मराठी शाळेत एकनाथ देशकरांनी तिला 'मला'पर्यंत आणलं. पुढचे प्रत्यय तिला कधी नीट जमलेच नाहीत. देशकर मोटारींच्या ब्रेकवर काम करणारे इंजिनिअर. निवृत्तीनंतर दुखरे गुडघे आणि मराठी शाळा, एवढंच सांभाळत होते. नीना यंदा मिशिगनच्या विधिमंडळासाठी उभी राहिली, तेव्हा तिच्या प्रचाराचा टी-शर्ट त्यांनी स्वेटरवरून चढवला आणि पत्रकं वाटायला बाहेर पडले.

त्याला कारण होतं. इतकी वर्षं निवडणूक म्हणजे टपालपेटीत येणारी काळीकुट्ट पत्रकं, 'ते' बाहेरचे लोक येताहेत असं बजावणारी. समोरच्या पक्षाची यंदाही तशीच होती. नीनाने तसलं एकही काढू दिलं नाही. ती बससेवेबद्दल बोलायची, म्हाताऱ्यांना गाडीशिवाय दवाखान्यात जाता यावं म्हणायची. शेजाऱ्यांना जपा, त्यांची विचारपूस करा, अशी तिची इंग्रजी घोषणा होती. लोक ऐकून मान डोलवत आणि विसरून जात.

मग देशकरकाकांना चकित करायचं म्हणून त्यांना न दाखवताच तिने मराठीत आवाजी मेसेज केला. त्यात ती गोड आवाजात म्हणाली, "शेजाऱ्यांवर लक्ष ठेवा."

दिवाळीच्या पार्ट्यांना लोक बाहेर असताना नुकतीच भारतीयांची काही घरं फुटली होती, सोनं गेलं होतं. मेसेज वणव्यासारखा पसरला. कधी फोन न उचलणारे आपणहून फोन करू लागले. पोरगी आता मुद्द्याचं बोलली, असं त्यांचं म्हणणं.

देशकर तडक प्रचाराच्या ऑफिसात गेले.

"अगं, 'वर' नाही, 'कडे'. शेजाऱ्यांकडे लक्ष द्या. 'वर लक्ष ठेवा' म्हणजे पाळत."

नीनाने तोंड झाकून घेतलं. "ओह गॉड, काका. मी काय बोलले!"

ती लगेच दुसरा मेसेज करायला बसली. पण पक्षाने पाठवलेला मॅनेजर वीर शेजारीच होता. भानगड समजून घेऊन तो इंग्रजीत म्हणाला की लोकांनी आपणहून पुढे पाठवलेली आपली ही एकच गोष्ट आहे, तिला हात लावू नका. नीनाने फोन खाली ठेवला.

"काका, इलेक्शन झाली की करेक्ट करते. प्रॉमिस."

शनिवारी देशकर पुन्हा दारोदार गेले. बसबद्दल कुणी विचारलं नाही. जो तो चोऱ्यांबद्दलच विचारत होता, आणि कॅमेरा बसवून घ्या असं आपणही सांगतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. एका दारात कॅमेरा असलेल्या बेलमधूनच आवाज आला, कागद खाली ठेवा. ते कठडा धरून वाकले, पत्रक ठेवलं आणि निघाले.

घरी आल्यावर त्यांच्या पत्नी रत्नाताईंनी फोन पुढे केला. मराठी लोकांच्या ग्रुपवर वरून काढलेला फोटो होता: कानटोपी, बंद केलेला कोट, वाकलेली पाठ. खाली लिहिलं होतं, 'हा माणूस दारोदार फिरतोय. कुणी ओळखतं का? लक्ष ठेवा.' कुणीतरी त्यांच्या गाडीचा नंबर टाकला होता. कुणा राजेशने पोलिसांना कळवल्याचं लिहिलं होतं. बऱ्याच वेळाने हिमानी नावाच्या मुलीने लिहिलं, 'अरे, हे आपले देशकरकाका.' त्यानंतर नुसते हसरे चेहरे.

"संपलं ना? ओळखलं शेवटी," रत्नाताई म्हणाल्या.

"आपल्यातला म्हणून ओळखलं," देशकर म्हणाले.

नीनाने फोटो पाहिला होता. देशकर ऑफिसात शिरताच ती उठून उभी राहिली आणि सॉरी म्हणाली.

"सॉरी नको. आज दुरुस्ती टाक."

"मी हरले तर बसचं कोण बघणार, काका?"

"आणि जिंकलीस तर कशावर जिंकलीस?"

तिने टेबलावरचा कागद तेवढा त्यांच्याकडे सरकवला. पुढचा मेसेज होता, यावेळी चूक नको म्हणून तपासायला काढून ठेवलेला. 'तुमचं घर खरंच सुरक्षित आहे का? उद्या तुमचा नंबर लागला तर?' देशकरांनी दोनदा वाचला.

"मराठी बरोबर आहे," ते म्हणाले आणि कागद परत केला.

पुन्हा ते पत्रकं वाटायला गेले नाहीत. मत मात्र नीनालाच दिलं. रत्नाताईंनी का म्हणून विचारलं, तर समोरच्या पक्षाचं, 'ते' येताहेत म्हणणारं काळं पत्रक देशकरांनी बायकोपुढे ठेवलं.

नीना जिंकली. शब्दाला जागून तिने त्याच आठवड्यात नवा मेसेज पाठवला, शेजाऱ्यांकडे लक्ष द्या. देशकरांनी तो ग्रुपवर टाकला. त्यावर कुणी काही लिहिलं नाही.