दगडाबाईंच्या बाजूचं दार

येरमाळ्याजवळच्या वाशीच्या बाजारात बैल घ्यायचा असो की विकायचा, लोक बलभीमअण्णांना बरोबर घेऊन जायचे. अण्णा हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी. घ्यायच्या बैलाला ते इतकी नावं ठेवत की मालकालाच तो फुकट द्यावासा वाटे, आणि विकायच्या बैलाची अशी तारीफ करत की मालकाचं मन विकण्यावरून उडे. बाकी धंद्यात जे चालतं ते सगळं त्यांनी केलं, फक्त एक नेम जन्मभर पाळला. आपल्या दावणीच्या जनावराला त्याच्या देखत वाईट बोलायचं नाही. त्यानं जनावर खचतं, असं त्यांचे वडील सांगत. खरं-खोटं करायच्या भानगडीत अण्णा कधी पडले नाहीत.

उतारवयात दावणीला उरली ती एक जुनी पांढरी जीप. अण्णांच्या मंडळींना, दगडाबाईंना, एसटी लागायची. परंड्याला दिलेल्या लेकीकडं, दीपमालाकडं, जायचं तर जीपच हवी. जीप घेतली त्याच साली तिच्या डाव्या दाराची आतली कडी तुटली. तसेच परंड्याला गेले आणि लेकीच्या दारात अण्णा नाइलाजानं खाली उतरले, वळसा घालून गेले, बाईंसाठी दार उघडलं. विहीणबाई ओसरीतून बघत होत्या. परतीच्या वाटेवर दगडाबाई आयुष्यात पहिल्यांदाच अण्णांच्या शेजारी गुणगुणत बसल्या होत्या. अण्णांनी कडी दुरुस्त केली नाही, आणि ती तुटल्याचं बाईंना सांगितलंही नाही. आतल्या बाजूला वंगण आहे, लुगडं खराब होईल, हात लावू नको, एवढंच बजावून ठेवलं. पुढं गावानं त्यांना दरवान म्हणायला सुरुवात केली, तेही त्यांनी निमूट ऐकून घेतलं.

या उन्हाळ्यात वावटळीत दारातला लिंब मोडला तो नेमका जीपवर. टप पार सीटला टेकलं. विमा कंपनीनं पाहणीला उत्कर्ष नावाचा तुळजापूरचा तरुण पाठवला. पुजाऱ्याच्या घरातला, बोलायला मऊ. त्यानं समजावून सांगितलं की दुरुस्तीचा खर्च जीपच्या किमतीच्या वर जातो. तेव्हा कंपनी ठरलेली किंमत देईल आणि मोडकी जीप घेऊन जाईल. जीप ठेवायची असेल, तर मोडक्या जीपचा जो भाव निघेल तो कापून उरलेलं देईल. अण्णांना जीप ठेवायचीच होती. येरमाळ्याचा महांतप्पा पत्रा ठोकून ती चालती करून देणार होता. हाती येणारी रक्कम त्याच्या मजुरीला पुरली की झालं, नाहीतर दगडाबाईंचं परंड्याला जाणं बंद.

इंजिन कसं आहे, असं उत्कर्षनं विचारलं आणि अण्णांची जीभ सवयीनं चालू लागली. इंजिनाला अजून कुणाचा हात लागलेला नाही. गिअर लोण्यासारखे पडतात. टायर संक्रांतीला घातलेले. उत्कर्ष सगळं टिपून घेत होता. मग तो अवघडून म्हणाला की माल एवढा चांगला असेल तर मोडक्याला भाव जास्त, आणि अण्णांच्या हातात तेवढं कमी.

अण्णांनी टोपी काढली. या सौद्यात विकणारे तेच होते आणि घेणारेही तेच, आणि आतापर्यंत ते भलत्याच बाजूनं बोलत होते. आता जीपला नावं ठेवायला हवी होती. पण जीप तर समोर उभी.

"साहेब, जरा वड्याकडं चला."

"इथंच सांगा ना, काका."

"हिच्या म्होरं बोलता येत न्हाय," म्हणून अण्णांनी जीपकडं बोट केलं.

ओढ्याच्या पुलावर त्यांनी खोडी सांगितल्या. हातब्रेक धरत नाही, चढाला चाकामागं धोंडा लावावा लागतो. ऑइल गळतं. पावसात पायाशी डबकं साचतं. उत्कर्षनं आकडा थोडा खाली आणला, पण महांतप्पाची मजुरी भागेना. आणखी काही आहे का, असं त्यानं विचारलं. आणखी एक होतं. अण्णांनी पुलाखाली पाहिलं, घसा खाकरला.

"डावं दार आतनं उघडत न्हाय. पहिल्या सालापासनं."

उत्कर्षनं लिहिलं नाही. तो अण्णांच्या पाठीमागं बघत होता. तिथं दगडाबाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या.

"लिवा साहेब," त्या म्हणाल्या. "खोड हाय तर लिवा."

उत्कर्षचा कप त्यांनी त्याच्या हातात दिला. अण्णांचा कठड्यावर ठेवला आणि निघून गेल्या. अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दारानंच सौदा जमला. मजुरीपुरता आकडा निघाला. पण पुढं दगडाबाई चहा ठेवायच्या तो खालीच, जेवणाचं ताटही सरकवून द्यायच्या, आणि परंड्याचं नाव काढत नव्हत्या. महांतप्पाला अण्णांनी सगळ्यात आधी दाराची कडी बसवायला लावली.

शेवटी दीपमालानंच बोलावणं धाडलं, तेव्हा दोघं निघाले. वाटभर दगडाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. लेकीच्या दारात जीप थांबली. ओसरीत कुणीही नव्हतं. अण्णा स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"आता आतनं उघडतंय," ते म्हणाले.

"ठावं हाय. बसतानाच बघितलंय म्या," दगडाबाई म्हणाल्या, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून तशाच बसून राहिल्या.

अण्णा उतरले आणि वळसा घालून तिकडं गेले.